पाणकोंबडीचा कोपरा

उन्नती बोलता बोलता थांबते. वाक्य अर्ध्यावर सोडून समोरच्याच्या खांद्यावरून कुठेतरी बघत राहते. परत येते ती कधी त्याच वाक्यात, कधी भलत्याच. उल्हासनगरच्या ज्या कॉलेजात मी मराठी शिकवते तिथे ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी आली ती दोघींनाही खिडकी हवी होती म्हणून. खिडकीतून दिसतं ते काही फार नाही. समोरच्या गल्लीत जीन्स शिवणाऱ्यांची घरं आहेत, आणि त्यांच्या गच्च्यांवर नुकत्याच धुतलेल्या पँटी टांगलेल्या असतात. वारा आला की ते सगळे निळे पाय एकदम चालायला लागतात आणि कुठेच पोचत नाहीत. उन्नती ते बघत चहा पिते. चहा बहुतेक गारच होतो.

मुलं तिला पाठीमागे ‘खोई-खोई मॅडम’ म्हणतात. तिला ते ठाऊक आहे. एकदा म्हणाली, “बरोबर आहे त्यांचं. पण मी हरवत नाही गं. मी तिकडे असते.”

तिकडे म्हणजे कुठे, ते मला हळूहळू कळत गेलं.

उन्नतीचं घर बदलापूरला, बेलवलीत. तिचे वडील बुधाजी अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळ्या करायचे आणि पाळी संपली की शेतावर जायचे. शेत बारवी धरणाच्या वाटेवर, रानाच्या कडेला. मूळ घर तिथल्याच पाड्यात. पोरांच्या शाळेसाठी ते बेलवलीत आले, पण भाताचं खाचर त्यांनी सोडलं नाही. आई वेणू. तिचं माहेर आता धरणाच्या पाण्याखाली आहे. धरणाची उंची वाढली तेव्हा ते गाव उठलं. वेणूबाई अजूनही पाण्याकडे बोट करून सांगतात, तिथं आमचा आंबा, तिथं विहीर. बघणाऱ्याला नुसतं पाणी दिसतं.

लहानपणी उन्नती बांधावर पालथी पडून खाचरातलं पाणी बघत बसायची. भाताच्या चुडांमधून, चिखलातून, बारीक बुडबुडे वर यायचे. एक आला की ती पुढच्याची वाट बघायची. आई लांबून ओरडायची, “काय बगतेस गो त्या चिखलात? डोलं फुटतील!”

“आत कोणीतरी श्वास घेतंय,” ती म्हणायची.

घरच्यांना वाटलं, मोठी झाली की जाईल. तसं झालं नाही. कॉलेजात तिला कळलं की चिखलात खरंच कोणीतरी आहे. भाताच्या मुळांना बिलगून राहणारे जिवाणू. हवेतला नत्र ते घेतात आणि त्याचा अमोनिया करतात, आणि त्यातला थोडा भातालाही मिळतो. पण ती खिळून राहिली ती शिकवणाऱ्या बाईंच्या पुढच्या वाक्याला. बाई फळ्याकडे तोंड करून सहज म्हणाल्या होत्या, “अर्थात, हे सगळं ते उपाशी असतील तरच.”

हे तिनं मला सांगितलं तेव्हा आम्ही त्याच खिडकीशी होतो. मी विचारलं, “म्हणजे? भूक लागली हे त्यांना कळतं कसं? त्यांना ना पोट, ना डोकं.”

तिचा चेहरा उजळला. असा प्रश्न कोणी विचारला की ती ‘तिकडून’ लगेच परत येते.

“तेच तर,” ती म्हणाली. “बघ, हवेत नत्र वाट्टेल तेवढा आहे. पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ते सोडवायला त्या एवढ्याशा जिवाला आपली सगळी ताकद लावावी लागते. मग आयता अमोनिया बाहेर पडलेला असताना तो कशाला भट्टी पेटवेल? म्हणून त्याच्या पेशीत काही प्रथिनं असतात, ती स्वतः काहीच बनवत नाहीत. ती फक्त बघतात. घरात आहे की नाही. आणि बघून बाकीच्यांना सांगतात.”

मग तिनं टेबलावर तीन खडू उभे जोडून दाखवले. त्यातलं एक प्रथिन असं असतं, तीन सारखे भाग एकत्र, आणि प्रत्येक भागातून बाहेर आलेलं एक लवचीक बोट. पेशी उपाशी असली की त्या प्रत्येक बोटाला एक छोटासा रासायनिक गोंडा बांधला जातो. गोंडा बांधलेलं प्रथिन पेशीभर मोकळं तरंगत राहतं. तेव्हा दुसऱ्या प्रथिनांपर्यंत निरोप पोचतो, ती जनुकं जागी करतात आणि नत्राची भट्टी पेटते. बाहेरून अमोनिया आला, पोट भरलं, की गोंडे सुटतात. मग ते प्रथिन पेशीच्या भिंतीकडे जातं. भिंतीत अमोनिया आत घेणारी दारं असतात, प्रत्येक दाराला तीन भोकं. या तीन भोकांत त्याची तीन बोटं जाऊन बसतात. दार बंद.

“किती वेळात?” मी विचारलं.

“तू साखर ढवळतेस ना, तेवढ्यात.”

मी चमचा हातात धरून बसले. ती पुन्हा निळ्या पायांकडे बघायला लागली होती.

नोकरी लागल्यावर तिनं पीएचडीला नाव घातलं. मार्गदर्शक कुमुदिनी मॅडम मुंबईतल्या एका संस्थेत होत्या, मोजकं बोलणाऱ्या आणि हसल्या तर डोळ्यांनी हसणाऱ्या. प्रयोगशाळेतल्या काचेच्या चंबूत हे प्रथिन कसं वागतं ते जगभर बऱ्याच जणांनी पाहिलेलं आहे, हे उन्नतीला माहीत होतं. तिला ते चिखलात बघायचं होतं. खऱ्या भाताखाली, जिथे पाऊस पडतो, बगळे फिरतात, खेकडे बिळं करतात. मॅडम म्हणाल्या, “चिखल फार गोंधळ घालतो.” उन्नती म्हणाली, “मला सवय आहे.”

बुधाजींनी तिला खाचराचा खालचा तुकडा दिला. मध्ये बांध घालून त्याचे दोन वाफे केले. एकात इतरांसारखा युरिया, दुसऱ्यात काहीच नाही. काहीच नसलेल्या वाफ्यातलं भात फिकट, पोपटी, जरा खुरटलेलं दिसायचं. येणारे जाणारे विचारायचे, बुधाजीदादा, या बाजूला काय रोग पडला? बुधाजी सांगायचे, “रोग नाय. पोरीचा उपास हाय.”

मोजायची रीत साधी होती. भाताचं रोप मुळासकट, चिखलासकट काचेच्या बाटलीत घ्यायचं, रबरी बूच लावायचं आणि सुईनं थोडा ॲसिटिलीन वायू आत सोडायचा. नत्राची भट्टी पेटलेली असेल तर जिवाणू या वायूलाही नत्रच समजतात आणि त्याचा दुसराच वायू करून ठेवतात. तो दुसरा वायू किती झाला ते यंत्र सांगतं. ॲसिटिलीनसाठी लागणारं कार्बाईड ती उल्हासनगरातल्या एका वेल्डिंगवाल्या सिंधी साईंकडून आणायची. “मॅडम, आम पकाओगी क्या?” असं साईं दरवेळी विचारायचे, आणि ती दरवेळी हो म्हणायची, कारण खरं सांगायला वेळ लागला असता. यंत्र अंबरनाथला होतं, एका औषधकंपनीच्या तपासणी विभागात. तिथे तिची कॉलेजातली मैत्रीण उमा कामाला होती. साहेबांची परवानगी काढून, आपलं काम आटपून ती उन्नतीच्या बाटल्यांतला वायू यंत्रात घालायची. पडद्यावर एक रेघ सरकत जायची. युरियाच्या वाफ्याची रेघ सपाट. उपाशी वाफ्याची रेघ चालता चालता एकदम वर चढायची आणि उतरायची. उमा तिला टेकडी म्हणायची.

या सगळ्या ये-जा करण्याचा सारथी होता अल्पेश, तिचा धाकटा भाऊ. शाळेत त्याचं मन रमलं नाही. त्यानं छोटा टेम्पो घेतला आणि बदलापूर स्टेशनबाहेरच्या स्टँडवर लावायला लागला. ताईच्या बाटल्या न्यायच्या दिवशी तो दुसरं भाडं घ्यायचा नाही. बाटल्यांच्या खोक्याखाली त्यानं जुनी गादी कापून घातली होती. खड्डा आला की आरशात न बघताच ओरडायचा, “ताई, पकड तुझी बाळं!”

दोन पावसाळे असे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात कुमुदिनी मॅडमनी सांगितलं, गणपतीच्या आधी मी स्वतः तुझं शेत बघायला येते. शेवटची मोजणीही तेव्हाच करू.

घरात धांदल उडाली. वेणूबाईंनी अंगण सारवलं. मॅडम तांदळाची भाकरी खातील का, यावर बराच खल झाला. आणि अल्पेश, ज्याला दोन वर्षं शेजारपाजारचे लोक त्या पिवळ्या वाफ्यावरून चिडवत होते, त्यानं मनाशी एक गोष्ट ठरवली. मुंबईहून एवढी मोठी मॅडम येणार. ताईचं भात असं आजाऱ्यासारखं दिसलेलं बरं नाही. एके सकाळी कोणाला न सांगता तो शेतावर गेला आणि उपाशी वाफ्यात युरिया फेकून आला.

मॅडम आल्या त्या दिवशी ऊन आणि ढग आलटून पालटून येत होते. उन्नती पुढे चालत होती, मॅडम मागे साडी खोचून. बांधावर पोचल्यावर उन्नती थांबली. आधी तिला वाटलं आपण चुकीच्या बाजूनं आलो. दोन्ही वाफे सारखे हिरवे होते. गर्द, काळपट हिरवे. वारा आला तसा तो सगळा हिरवा रंग एकाच वेळी वाकला.

“कसं टकाटक झालंय ना?” मागून अल्पेश म्हणाला. त्याच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. “मीच टाकला. सरप्राइज.”

उन्नती त्याच्याकडे वळली. ती कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. म्हणूनच ते जास्त लागलं असावं. सगळ्यांसमोर, मॅडमसमोर, बाबांसमोर ती म्हणाली, “तुला कळत नाही तिथे हात कशाला घालतोस? माझं सगळं मारून टाकलंस तू.”

अल्पेशच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. कुठे जायचं ते न समजल्यासारखं ते थोडा वेळ तिथेच राहिलं. मग तो टेम्पोपाशी गेला. मॅडमना त्यानं नीट स्टेशनवर सोडलं.

तरीही उन्नतीनं बाटल्या भरल्या. उमानं अंबरनाथहून कळवलं: सपाट. दोन्हीकडे सपाट.

त्या वर्षी गणपतीला अल्पेश आरतीला उभा राहिला आणि जेवायच्या वेळी कामाचं निमित्त सांगून निघून गेला. वेणूबाई मोदकाचं ताट झाकून त्याची वाट बघत राहिल्या. बहीणभाऊ एका घरात राहून एकमेकांना चुकवायला लागले. उन्नती कॉलेजात यायची, शिकवायची, खिडकीशी बसायची. मी काही विचारलं तर ‘हं’ म्हणायची. तेव्हा ती ‘तिकडे’ही नव्हती. ती कुठेच नव्हती.

पुढे काय झालं ते तिनं मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं, आणि सांगताना अजून त्यातच असल्यासारखी सांगत होती.

एका रविवारी ती एकटी रिक्षा करून शेतावर गेली. कशाला, ते तिलाही ठाऊक नव्हतं. दुपार होती. पाऊस नव्हता, पण हवेत पाणी होतं. राखणीच्या माळ्यावर ती आडवी झाली. खालून भाताचा कोवळा, दुधाळ वास येत होता. लोंबीत दाणा भरायला लागला की येतो तो. खंड्या एकदाच ओरडला आणि गप्प झाला. तिचा डोळा लागला.

स्वप्नात ती पाण्याखाली होती. बारवीच्या. हिरवा, जाड उजेड वरून झिरपत होता आणि तिच्या आईचं गाव तसंच्या तसं उभं होतं. आंबा, विहीर, ओट्या, कौलं. मासे आळीतून चालल्यासारखे जात होते. तिला श्वास घ्यायला काही अडचण नव्हती. प्रत्येक घराच्या दारावर कोणीतरी बसलं होतं. त्यांना चेहरे नव्हते, पण तीन तीन बोटं होती, आणि ती बोटं त्यांनी दाराच्या भोकांत घट्ट घातली होती. ती एका घरापाशी गेली. ते तिच्या आजीचं घर आहे हे तिला माहीत होतं, जसं स्वप्नात माहीत असतं. तिनं दार वाजवलं. पाण्यात त्याचा आवाज झाला नाही. तिला भीती वाटली, आत कोणी जिवंत नाही. तिनं पुन्हा वाजवलं. मग आतून आजीचा आवाज आला, अगदी आळसावलेला, तृप्त.

“आताच जेवलो गो बाय. भूक लागल का दार उघरू. तवा ये.”

उन्नती जागी झाली. माळ्याच्या फटीतून ऊन तिच्या हातावर पट्ट्या पाडत होतं. ती तशीच पडून राहिली आणि तिला हसू यायला लागलं. तिनं अल्पेशला काय म्हटलं होतं? मारून टाकलंस. कोणी मेलं नव्हतं. ते सगळे चिखलात होते, पोटभर जेवून, दारं लावून. युरिया आज ना उद्या सरणारच. भात खाणार, पाण्याबरोबर वाहणार, हवेत उडणार. मग त्यांना भूक लागणार. गोंडे पुन्हा बांधले जाणार. भट्टी पुन्हा पेटणार. कधी? खऱ्या शेतात, खऱ्या चिखलात, भरल्या पोटानंतर किती काळानं? दोन वर्षं ती जागे आणि झोपलेले असे दोन वाफे बघत होती. कोणी झोपून जागं होताना तिनं पाहिलंच नव्हतं.

आणि त्यासाठी तिला एक गोष्ट कळायला हवी होती, जी जगात एकाच माणसाला माहीत होती. तो युरिया नेमका कधी, किती आणि कसा टाकला गेला.

अल्पेश स्टँडवर होता. टेम्पोच्या काचेवर पाणी मारत होता. ताईला येताना बघून तो फडकं पिळायला लागला, पिळून झालेलं पुन्हा पिळत राहिला.

“अल्पेश, तू युरिया टाकलास तो दिवस सांग.”

“झालं ना आता, ताई. कितीदा तेच?”

“ओरडायला नाही आले. मला हवंय ते. वार कुठला होता? वाफ्यात पाणी किती होतं? मुठीनं टाकलास की ओंजळीनं?”

तो फडकं पिळायचा थांबला. “तू बरी आहेस ना?”

तिनं टेम्पोच्या फळीवर बसून त्याला सगळं सांगितलं. ती तीन बोटं, गोंडे, दारं. आजीचंसुद्धा. बाजूचे टेम्पोवाले चहा पीत ऐकत होते. अल्पेशनं फडकं खांद्यावर टाकलं.

“म्हणजे ते जेवून झोपलेत. मेले नाहीत.”

“नाही मेले.”

“मग तेव्हा तसं काय बोलली?”

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर बोलले ते तर फारच चुकलं.”

“सॉरी-बिरी नको यार बोलू, ऑड वाटतं.” तो दुसरीकडे बघत होता, पण त्याचा आवाज सैल झाला होता. मग त्यानं आठवून आठवून सांगितलं. सोमवार होता. बगळे उतरायच्या आधीची वेळ, पाणी घोट्याच्या वर. मुठीनं फेकला, गुडघ्यापर्यंत वाकून, म्हणजे पानांवर पडू नये. आणि मग तो अडखळला.

“पण तो वरचा कोपरा सोडला हां मी. तिकडे नाही टाकला.”

“कुठला कोपरा?”

“तो बाबांनी वेगळा बांधलाय बघ, लव्हाळ्याजवळ, छोटा चौकोन. तिकडे पाणकोंबडीचं घरटं होतं. ती बसलेली. मी गेलो असतो तर उडाली असती. म्हटलं, एवढ्यानं काय होतंय. मॅडमला तिकडून दिसतही नाही.”

उन्नती उभी राहिली. “गाडी काढ.”

त्या कोपऱ्यापाशी दोघं चिखलातून वाकून गेली. चौकोन जेमतेम एका खाटेएवढा होता, सगळीकडून बांधलेला, बाकीच्या पाण्यापासून तुटलेला. आतलं भात पोपटी, फिकट, खुरटं. उन्नतीला ते जगातलं सगळ्यात सुंदर भात वाटलं. घरट्यातली अंडी फुटून गेली होती. लव्हाळ्याच्या मुळाशी काळी, लोकरीच्या गोळ्यांसारखी पिल्लं आईच्या मागे पळाली आणि दिसेनाशी झाली. अल्पेश कुजबुजला, “तुझी बाळं न् तिची बाळं एकाच वाफ्यात.”

उमानं त्या कोपऱ्यातल्या बाटलीची रेघ बघितली आणि लगेच फोन केला. टेकडी होती. उपाशी होते ते जागेच होते. शेजारच्या पावलावर, बांधापलीकडे, बाकीचे झोपलेले. एकाच चिखलातले, एकाच बियाण्याखालचे.

मग वाट बघणं सुरू झालं. दर थोड्या दिवसांनी उन्नती आणि अल्पेश बाटल्या भरायची, अंबरनाथला पोचवायची. सपाट. पुन्हा सपाट. बुधाजी कामावरून सुटून शेतावर यायचे आणि बांधावर तिच्या शेजारी बसायचे. विचारायचे, “आज तरी भूक लागली का त्यांना?” ती मान हलवायची. ते म्हणायचे, “लागल. जेवान अंगावर येतं मानसाच्या पन.” दोघं बाप-लेक मग पाणी बघत बसायची. भाद्रपदातलं ऊन पाण्यात पडायचं आणि चुडांच्या सावल्या चिखलावर हलायच्या. उन्नती म्हणते, ते दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात स्वस्थ दिवस होते. कोणाला हलवता येत नव्हतं, घाई करता येत नव्हती. चिखलातल्या असंख्य दारांशी कोणीतरी बोटं घालून बसलं होतं आणि ते आपापल्या वेळेनं उठणार होतं.

नवरात्रात, बेलवलीत गरब्याचे मांडव लागले होते तेव्हा, उमाचा फोन आला. ती म्हणाली, “लहान आहे गं. पण चढतेय.” पुढच्या वेळी टेकडी मोठी होती. त्याच्या पुढच्या वेळी कोपऱ्यातल्या टेकडीएवढी. वेणूबाईंनी तो दिवस सण असल्यासारखा साजरा केला, आणि अल्पेशला समोर बसवून मोदक वाढले. गणपती कधीच गेले होते, तरी.

कुमुदिनी मॅडमनी रेघांचे कागद एकाशेजारी एक मांडून पाहिले. मग डोळ्यांनी हसल्या. म्हणाल्या, “याच्यावर लिहा.”

हिवाळ्यात मॅडमनी तिला संस्थेतल्या एका विशेष सूक्ष्मदर्शकावर बसवलं. त्याच चिखलातून वेगळे काढलेले जिवाणू होते, आणि त्यांच्या त्या तीन बोटांच्या पहारेकरी प्रथिनाला एक चमकणारं प्रथिन जोडलेलं होतं. ते जिथे जाईल तिथे हिरवा उजेड पडायचा. उपाशी पेशी काळोखात धुक्यासारख्या भरून उजळलेल्या दिसत होत्या. मॅडमनी काचेच्या कडेनं अमोनियाचा एक थेंब सोडला. उन्नती डोळा लावून बसली होती. धुकं विरळ झालं. उजेड मधून निघाला आणि काठाकडे गेला. बघता बघता प्रत्येक पेशी आतून काळी झाली आणि तिच्या भोवती हिरव्या प्रकाशाची एक बारीक कडा उमटली. मग शेजारची. मग सगळ्या. काळोखात कडीच कडी.

“मी त्यांना दार लावताना पाहिलं,” ती मला म्हणाली. आणि पुढचं वाक्य राहिलं ते राहिलंच.

घरी तिनं त्या हिरव्या कड्यांचा फोटो फोनवर दाखवला. बुधाजींनी चष्मा लावला, अल्पेशनं मोठा करून बघितला. वेणूबाईंनी नुसतं एकदा बघितलं.

“ह्या चांदाला खला परलाय,” त्या म्हणाल्या. चंद्राभोवतीचं खळं. उन्नतीनं आपल्या प्रबंधात तो शब्द वापरला नाही, पण वर्गात ती आता तेच सांगते, आणि पोरांना ते लक्षात राहतं.

तिला पीएचडी मिळाली. पुण्याच्या एका संस्थेतून बोलावणं आलं, ती गेली आणि वर्षभरानं परत आली. का म्हणून विचारलं तर म्हणाली, “तिथे चिखल पिशवीतून येतो.” तिच्या कामावर पुढे कोणी तरी बाहेरच्या देशात काम करतंय, अधूनमधून त्यांचे मेल येतात. ती उत्तर द्यायला उशीर करते. बुधाजी आता निवृत्त आहेत आणि गुडघ्यांमुळे रोज शेतावर जात नाहीत. अल्पेश जातो. वर्षातून एकदा उन्नतीच्या विद्यार्थ्यांना टेम्पोत भरून तोच नेतो, आणि मुलं त्याला ‘अल्पेश सर’ म्हणतात. त्याला ते आवडतं आणि आवडत नाही असं तो दाखवतो.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मीही त्यांच्याबरोबर गेले. मुलं खाचरात उतरून बाटल्या भरत होती, हसत होती, घसरत होती. उन्नती बांधावर पालथी पडली होती, हनुवटी हातांवर टेकवून. पाण्यातून बुडबुडा आला. अल्पेश तिच्या शेजारी बसला होता, पायांवरचा चिखल काडीनं काढत.

“ताई,” तो म्हणाला, “ते जे बघत बसतं ना, पेशीतलं. ते स्वतः कधी जेवतं काय?”

उन्नतीनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर मला तेव्हा जे दिसलं ते मी कुठल्याही वर्गात, कुठल्याही शिकवणाऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. तिला प्रश्न आवडला होता, आणि उत्तर माहीत नव्हतं.

“म्हणजे कसं?” ती म्हणाली. “थांब. असं कसं बघायचं ते...”

वाक्य तिथेच राहिलं. ती पाण्याकडे बघायला लागली, आणि आम्ही दोघं तिची वाट बघत बसलो. घाई कोणालाच नव्हती.